वडाळा-शिवडीकडची जुनी बीपीटी लाईन आणि अल्को इंजिनं: अजून कुठून दिसतात? (वडिलांना न्यायचंय)

बीपीटी_कॉलनीतली:

नमस्कार मंडळी, वाचते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदाच.

आमचे अण्णा बीपीटी रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे सांधे सांभाळायचे. १९७८ ला लागले, २०१६ ला रिटायर झाले. बीपीटी म्हणजे पोर्ट ट्रस्ट, आता त्याचं पोर्ट ऑथॉरिटी झालंय पण आमच्या घरात अजून बीपीटीच म्हणतात. बऱ्याच जणांना माहीतच नसतं की मुंबई बंदराची स्वतःची वेगळी रेल्वे होती, १ जानेवारी १९१५ ला चालू झालेली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत. गोदीतला माल वडाळ्याला आणून मोठ्या रेल्वेच्या ताब्यात द्यायचा, तिकडचा इकडे घेऊन जायचा, एवढंच काम, पण त्याच्यावर शेकडो घरं चालली, त्यातलं एक आमचं.

मी वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये वाढले. रात्री यार्डात शंटिंग चालू असलं की इंजिनाने धक्का दिल्यावर वॅगनला वॅगन लागत जायची आणि तो खडखडाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळत जायचा, मग मिनिटभर शांत, मग शिट्टी. आई म्हणायची, झोपा आता, अण्णा आहेत तिथे. मला खूप वर्षं असंच वाटायचं की तो आवाज अण्णाच करतात.

आता आम्ही डोंबिवलीला. अण्णांचे गुडघे गेलेत, जिने चढवत नाहीत. दिवाळीनंतर दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि छान दिसायला लागलंय, तेव्हापासून एकच धोशा लावलाय, एकदा इंजिन बघून येऊ. मी म्हटलं सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत जुनी इंजिनं ठेवलीयेत तिकडे नेते, तर म्हणाले रंगवून उभं केलेलं काय बघायचं, ते काम करताना बघायचंय, मागे वॅगन लावलेलं.

तर विचारायचं होतं की त्या लाईनवर अजून जुनी अल्को (त्या अमेरिकन कंपनीच्या बनावटीची डिझेल) इंजिनं हलतात का, आणि जिना न चढता कुठून दिसतील? गोदीच्या गेटच्या आत जायचा प्रश्नच नाही, पास कधीच जमा केला. बाहेरून जेवढं दिसेल तेवढं.


हार्बरची_खिडकी:

ताई, बरं झालं विचारलंत, मी हाच उद्योग करतो दर आठ-पंधरा दिवसांनी त्यामुळे सांगू शकतो.

आधी खरं काय ते सांगतो म्हणजे अण्णांना तयारी करून नेता येईल. आतल्या दक्षिणेकडच्या लाईनी, म्हणजे भाऊचा धक्का, दारूखाना या पट्ट्यातल्या, तिथे बऱ्याच जागी रुळांवर डांबर चढलंय नाहीतर ट्रक उभे असतात, रूळ मधेच दिसतात मधेच गायब होतात. जी काही हालचाल आहे ती उत्तरेकडे, वडाळ्याच्या बाजूला. मी गेल्या महिन्यात तीनदा गेलो, दोनदा नुसते रूळ बघून परत आलो आणि एकदा इंजिन मिळालं. तेव्हा एका फेरीत दिसेलच असं धरून जाऊ नका.

जिन्याचं म्हणाल तर डोंबिवलीवरून लोकलने आलात तर कुर्ल्याला हार्बर पकडायला चढउतार आहेच, तो टाळा. सायनला उतरून टॅक्सी करा (रिक्षा सायनच्या पुढे शहरात येत नाही, हे लक्षात ठेवा) आणि सरळ शिवडी-कॉटन ग्रीनच्या पूर्वेच्या रस्त्याला जा. तिथे पोर्टची लाईन रस्ता ओलांडते तिथे टॅक्सी बाजूला लावून बसायचं. फाटकबिटक धरून चालू नका, शंटिंग असलं की माणूस लाल झेंडी घेऊन रस्त्यात उभा राहतो आणि गाडी निघून जाते. तीच खूण, झेंडीवाला माणूस रस्त्यावर आला की उठायचं.

दुसरा मार्ग लोकलचाच पण बसून. वडाळ्यावरून सीएसएमटीकडे जाताना डावीकडची खिडकी, वडाळा ते रे रोड. अकरा-साडेअकराची गाडी रिकामी असते. यार्डात काही उभं असेल तर दिसतं. रविवारी नका जाऊ, हार्बरला मेगाब्लॉक असला की दिवस फुकट जातो. ईस्टर्न फ्रीवेवरून खालचे रूळ मस्त दिसतात पण तिथे गाडी थांबवता येत नाही आणि थांबवूही नका.

आणि एक, कितीही मोह झाला तरी रुळात उतरायचं नाही. रेल्वे ॲक्ट १९८९ चं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही. कॅमेऱ्याचं म्हणाल तर गोदीच्या गेटाजवळ आणि भिंतीजवळ तो बाहेरच काढू नका, कस्टम्सचा एरिया आहे, हटकतात आणि त्यांचं बरोबरच आहे.


निवृत्त_लोको_कल्याण:

तुझ्या अण्णांना माझा नमस्कार सांग पोरी. मी मेन लाईनचा, कल्याणचा. वडाळ्याला रेक (मालगाडीच्या डब्यांची रांग) घेऊन यायचो आणि पुढचं काम ही पोर्टची माणसं करायची. आम्ही रेक सोडून चहाला जायचो तेव्हा ह्यांचं खरं काम सुरू व्हायचं. चारचाकी जुन्या वॅगन होत्या तेव्हा स्क्रू कपलिंग असायचं, दोन बफरच्या मधे वाकून आत शिरायचं, साखळीसारखा तो जड आकडा उचलून हुकात टाकायचा आणि मग स्क्रू पिळायचा, पावसात हात सटकतो, इंजिन अर्धा फूट जरी हललं तरी माणूस दोन बफरच्या मधे. आता बॉक्सएन वगैरे नव्या वॅगनला मधोमध सीबीसी कपलर आहे, ठोकलं की आपोआप बसतं. हे काम ज्यांनी केलंय त्यांना कामावरचं इंजिनच बघायचं असणार, दुसरं काय.

आता इंजिनाविषयी, कारण इथे पुष्कळ जण सगळ्यालाच डब्ल्यूडीएम-२ म्हणतात. डब्ल्यूडीएम-२ ते मोठं, सोळा सिलिंडरचं, २६०० हॉर्सपॉवर, पहिली १९६२ ला अमेरिकेतून अल्को कंपनीकडून आली आणि नंतर वाराणसीच्या डीएलडब्ल्यूत (रेल्वेच्या डिझेल इंजिन कारखान्यात) बनायला लागली, तिथे १९९८ पर्यंत बनत होती. यार्डात आणि बंदरात जे दिसतं ते बहुतेक डब्ल्यूडीएस-६. त्याच घराण्यातलं, तेच २५१ मॉडेलचं इंजिन पण सहाच सिलिंडर एका ओळीत. केबिन एका टोकाला, पुढे लांबलचक नाक. एकेक सिलिंडर मात्र तेवढाच, ९ इंच व्यास आणि साडेदहा इंच स्ट्रोक, म्हणजे घरातली मोठी कळशी डोळ्यापुढे आण.

कानाने ओळखायचं असेल तर सोपं आहे. उभं असताना सहावाल्याचे ठोके वेगवेगळे मोजता येतात, धग्‌-धग्‌-धग्‌, मधे एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, चुकत नसतो, ती त्याची चालच तशी. सोळावालं गडगडतं, त्यात ठोके वेगळे निघत नाहीत.

आणि तो काळा धूर. लोक म्हणतात जुनं झालंय म्हणून धूर सोडतं, तसं नाहीये, नवं कोरं होतं तेव्हाही सोडायचंच. कसं होतं, ड्रायव्हरने नॉच (म्हणजे वेगाच्या दांड्याचा पुढचा टप्पा) ओढला की डिझेल लगेच वाढतं, पण हवा ढकलणारा टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या गॅसवर, त्याला वेग घ्यायला चार-सहा सेकंद लागतात, तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी, न जळालेलं सगळं धुराड्यातून काळं बाहेर. टर्बोने शिट्टी धरली की धूर पातळ होतो. आम्ही केबिनमधून आधी ती शिट्टी ऐकायचो आणि मगच पुढचा नॉच. घाईने नॉच टाकणारा असला तर आमचे इन्स्पेक्टर खालूनच धूर बघून सांगायचे की वर नवीन पोरगा आहे.

सेंट्रल रेल्वेची ब्रॉडगेज सगळी २०२३ ला विजेखाली आली त्यामुळे मेन लाईनवर अल्को बघायला मिळणं आता नशिबाचं आहे. राहिलीयेत ती अशीच यार्डात, साईडिंगला.

हेरिटेज गल्लीला अण्णा नको म्हणाले ते पटतं, तरी तिथे खेकडा आहे हे त्यांच्या कानावर घाल. डब्ल्यूसीजी-१, जीआयपी (सेंट्रल रेल्वेच्या आधीची कंपनी) च्या काळात स्वित्झर्लंडहून आलेलं विजेचं मालगाडीचं इंजिन, बाहेरून कनेक्टिंग रॉड असलेलं, बोर घाटात आणि थळ घाटात चाललं. खेकडा हे नाव आपल्या लोकांनीच दिलेलं. म्हातारपणी ते मुंबईच्या यार्डात शंटिंगला होतं, मी लहानपणी वडिलांबरोबर बघितलंय, वळणावर मधून मुडपायचं आणि रॉड वरखाली व्हायचे. त्याला तिथे स्थिर उभं बघवत नाही मला, पण निदान आहे. बंदरातल्या सहावाल्याला कोण ठेवणार.


शिवडी_नाका:

मी इथलाच, तिसरी पिढी. आजोबा कॉटन डेपोत होते, खानदेश-वऱ्हाडातला कापूस गाठी-गाठीने वॅगनमधून इथे उतरायचा, कॉटन ग्रीन हे स्टेशनचं नावच त्याच्यावरून, आणि ते नावसुद्धा कुलाब्याहून इकडे आलेलं कारण आधी कापसाचा बाजार तिकडे भरायचा.

मला जरा वेगळं वाटतं म्हणून लिहितो. इंजिन बघायला या, जरूर या, पण लाईन का संपत आलीय हेही बघा. १९८९ ला खाडीपलीकडचं न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि हळूहळू कंटेनर तिकडे गेले, इथे मोठ्या बोटींना खोली नाही आणि शहराच्या पोटातून ट्रक काढायला रस्ता नाही. १४ एप्रिल १९४४ ला ज्या व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टायकिन बोटीचा स्फोट झाला तो डॉक आणि शेजारचा प्रिन्सेस डॉक, दोन्ही बुजवलेत. गोदीच नाही तर गोदीची रेल्वे कशाला. आमच्या डोक्यावरून आता अटल सेतू गेलाय, जानेवारी २०२४ पासून, २१ किलोमीटरच्या वर लांब, वरून गाड्या न्हावाशेवाकडे सुसाट आणि खाली हे गंजलेले रूळ. मला राग नाहीये पुलाचा. पण त्या खांबांच्या मधे रूळ बघितले की आजोबांची आठवण येते एवढं खरं.

अजून एक. हल्ली फ्लेमिंगोंचा सीझन आहे, शिवडी बंदरावर सकाळी एवढाल्या लेन्स घेऊन माणसं येतात, सगळी तोंडं खाडीकडे. मागच्या शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत एक इंजिन सुटं, मागे काही नाही, त्यांच्या पाठीमागून भोंगा देत गेलं आणि एकानेही मान वळवली नाही. तुमच्यासारखी माणसं येतायत हे वाचून खरंच बरं वाटलं. या बाजूला आलात तर चहा आमच्याकडे.


घाटावरचा_पाहुणा:

@निवृत्त_लोको_कल्याण काका, बॅलार्ड पियरवरून पॅसेंजर गाड्या पण सुटायच्या ना? आमच्या गावात एक आजोबा सांगायचे, आम्हाला थाप वाटायची.


निवृत्त_लोको_कल्याण:

थाप नाही. १९२८ ला चालू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात बॅलार्ड पियरच्या मोल स्टेशनवरून सुटायची, विलायतेची बोट लागली की साहेब लोक उतरून सरळ गाडीत, पार पेशावरपर्यंत. ती ह्याच पोर्टच्या रुळांवरून बाहेर पडायची. ज्या रुळांवर आता शंटर दोन-चार वॅगन ओढतो तेच ते.


जर्सीतला_मुंबईकर:

लांबून लिहितोय पण राहवलं नाही. मी जर्सी सिटीला असतो, माहेर म्हणाल तर माझगाव, घराच्या गच्चीवरून गोदीच्या क्रेन दिसायच्या.

इथून दोन-सव्वादोन तासांवर पेनसिल्व्हेनियात स्क्रँटन नावाचं गाव आहे, एकेकाळी कोळसा आणि रेल्वेचं गाव, आता दोन्ही ओसरलंय. तिथे डेलावेअर-लॅकवाना नावाची छोटी मालगाडीची कंपनी आहे आणि ती आजही अल्कोच चालवते, साठी उलटलेली इंजिनं, म्युझियमसाठी नाही, रोजच्या कामाला, धान्य वगैरे वाहायला. पहिल्यांदा गेलो तेव्हा थंडी मरणाची होती, गाडीची काच खाली करून बसलो होतो आणि वळणामागून तो आवाज आला. मला काही सेकंद कळेचना मी कुठे आहे. हुबेहूब तोच ठोका, तीच धूर सोडायची रीत. मग लक्षात आलं की काका वर म्हणाले तेच २५१ इंजिन हे, अल्कोचा कारखाना तर इथून तीन तासांवर स्केनेक्टडीला होता, कंपनीने १९६९ ला इंजिनं बनवणं बंद केलं, आणि आपल्या वाराणसीत त्यानंतरही पुढची कित्येक वर्षं ती बनत राहिली. म्हणजे माहेर बंद झालं आणि सासरी वंश वाढला.

तिथला फरक असा की लोक खुर्च्या टाकून बसतात रस्त्याकडेला, ड्रायव्हर हात करतो, कंपनीलाही त्याचं कौतुक आहे. आपल्याकडे तेवढं नसलं तरी तुम्ही अण्णांना न्याच. आणि जमलं तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून इथे टाका, फोटो नसला तरी चालेल.


बीपीटी_कॉलनीतली:

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो परवा गुरुवारी, म्हणून लिहितेय. थोडं लांबेल.

हार्बरची खिडकी यांनी सांगितलं तसंच केलं, सायनला उतरून टॅक्सी, साडेनऊला कॉटन ग्रीनच्या पुढे रस्त्याला बसलो. टॅक्सीवाले चाचा म्हणाले तासाचे पैसे द्या मी पण थांबतो, मग तेही थांबले. मी पाण्याची बाटली, छत्री, गुडघ्याचा पट्टा सगळं घेतलं होतं. साडेदहा झाले, अकरा झाले, काही नाही. ऊन चढायला लागलं तसं मी दोनदा म्हटलं निघूया का, तर अण्णा रुळांकडेच बघत होते. बोलत नव्हते. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. मग म्हणाले, "बघ, हा सांधा कोरडा नाहीये."

मी बघितलं तर मला काहीच कळेना. त्यांनी काठीने लांबूनच दाखवलं, दोन रूळ जिथे एकमेकांना चिकटतात तिथे सुरीसारखी निमुळती पाती असते, ती ज्या लोखंडी पाटांवर सरकते त्या पाटांवर काळं वंगण चमकत होतं. ताजं. आणि रुळाच्या माथ्यावर गंज नव्हता, बोटभर रुंदीची चकचकीत रेघ होती. म्हणाले ही रेघ म्हणजे काल-परवा चाक गेलंय, गंज एका रात्रीत धरतो. आणि वंगण घातलंय म्हणजे आज यायचंय काहीतरी, उगाच कोण घालतो. मला एवढी वर्षं माहीत नव्हतं की असं वाचता येतं.

पावणेबाराला त्यांनाच आधी ऐकू आलं. कानाला मशीन नाही त्यांच्या, पण मला नुसते ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते आणि ते म्हणाले सहावालं आहे. (काका, मी त्यांना तुमचं वाचून दाखवलंच नव्हतं अजून, मुद्दाम घरी गेल्यावर दाखवायचं ठेवलं होतं.) मग झेंडीवाला आला, रस्त्याच्या मधे उभा राहिला, एक टेम्पो तरीही घुसलाच, आणि मग ते लांब नाक दिसलं. वेग इतका कमी की माणूस बरोबर चालत जाईल. मागे सहा वॅगन होत्या, बंद दारांच्या. आमच्या समोर आल्यावर ड्रायव्हरने नॉच दिला असणार, कारण काळा धूर एकदम वर गेला आणि मी मोजले, पाच सेकंदांनी शिट्टीसारखा आवाज धरला आणि धूर कमी झाला. जमीन हादरत होती, टॅक्सीच्या आरशात सगळं थरथरत होतं. अण्णा टॅक्सीच्या दाराला धरून उभे राहिले होते, पट्टा न बांधता. शेवटची वॅगन गेली तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, सगळं क्लिअर आहे म्हणून मागून ड्रायव्हरला दाखवायचा तसा. झेंडीवाल्याने ते बघितलं.

तो इकडे आला. तिशीतला मुलगा असेल. म्हणाला, "काका, डिपार्टमेंटचे का?" मग दोघांचं जे सुरू झालं ते वीस मिनिटं. कुठल्या लाईनी राहिल्यात, कुठली उखडली, कुठला सांधा पावसात अडकायचा. तो सांधा अजून अडकतो म्हणे. अण्णांनी विचारलं पाळीला किती जणं असता, तो म्हणाला दोघं. अण्णा म्हणाले आम्ही सात होतो. मग त्याला पावसाळ्यात त्या अडकणाऱ्या सांध्याला काय करायचं ते सांगितलं, पात्याच्या मागे खडी साचते ती हाताने काढायची, टिकावाने नाही, टिकाव लागला की पात्याला खाच पडते. मुलाने ते नीट ऐकून घेतलं, मान हलवण्यापुरतं नाही, परत विचारून घेतलं.

फोटो काढला नाही एकही. आवाज मात्र रेकॉर्ड केलाय जर्सीच्या दादांसाठी, चार मिनिटांचा, त्यात सुरुवातीला टॅक्सीवाले चाचा खोकतात आणि शेवटी अण्णांचं "गेली" ऐकू येतं. कसं अपलोड करायचं ते कोणीतरी सांगा.

शिवडी नाका, तुमच्याकडे चहा राहिला. अण्णा म्हणतायत पाऊस लागायच्या आत अजून एकदा जायचं, या वेळी वडाळ्याच्या टोकाला, तिथला मोठा सांधा बघायचाय. गुरुवारच धरतोय. टॅक्सीत दोन जागा आहेत, कोणाला यायचं असेल तर कळवा.


निवृत्त_लोको_कल्याण:

एक जागा माझी धर. सायनला किती वाजता ते सांग.